पाव आटा

वाघजाई फाट्यावरच्या भूपाल मगदूमला कान आहेत, असं पंचक्रोशीत म्हणायचे. कान तसे सगळ्यांनाच असतात, पण भूपालचे म्हणजे भलतेच तिखट. लोडर बकेट उचलताना इंजिन दाबाखाली जिथं घुसमटायचं, तिथं तो मान कलती करून सांगायचा, "एकशे ऐंशी किलो." आणि ते खरंच एकशे ऐंशी असायचं का? आता ते देवाला ठाऊक. दाब मोजायचं गेज त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं, चांगलं तेलपाणी केलेलं, पण ज्याला कान आहेत त्यानं गेज लावायचं म्हणजे पट्टीच्या गवयानं पेटीवाल्याला सूर विचारायचा. भूपालला ते कमीपणाचं वाटायचं.

त्या द्राक्षपट्ट्यात एक रीत पडली होती. बागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर, त्याला पुढं जोडलेला लोडर, असं नवं धूड घरी आलं की सुवासिनींनी ओवाळायचं, चाकाखाली नारळ फोडायचा, आणि मग ट्रॅक्टर थेट भूपालच्या शेडवर आणायचा. पाव आटा मारायला!

हा पाव आटा काय ते सांगितलं पाहिजे. लोडरचा सगळा जोर तेलाच्या दाबात. पंप तेल रेटतो, तेल जॅकला रेटतं, जॅक लोखंडी आर्म उचलतो. दाब बेसुमार वाढू नये म्हणून वाटेत एक झडप बसवलेली असते, रिलीफ व्हॉल्व्ह. तिच्यामागं स्प्रिंग, स्प्रिंगमागं स्क्रू. दाब ठरल्या आकड्याला पोचला की झडप स्प्रिंगला मागं सारून उघडते आणि जादा तेल गुमान टाकीत परत जातं. कंपनी हा आकडा ठरवते एकशे पासष्ट किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एवढ्या किलोचा रेटा. स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, आवळला, की स्प्रिंग ताठते, झडप उशिरा उघडते, आणि दाब अठरा किलोनं वाढतो. वीस क्रेट उचलणारा लोडर बावीस उचलतो. मालक खूश, मिस्त्री खूश.

"कंपनीवाले भित्रे असतात," भूपाल म्हणायचा. "हातचं राखूनच लिहितात."

अकरा वर्षांपूर्वी सुरगोंडा चौगुलेनं जुना लोडर विकत आणला, तेव्हाही भूपालनं हेच म्हटलं होतं. सुरगोंडा त्याचा बालमित्र. पाव आटा मारून झाला, दोघांनी चहा घेतला. चौथ्या दिवशी शेणखताची बकेट वर असताना सुरगोंडा खाली आडवा आलेला दगड काढायला वाकला, तेलाचा होज पाइप फुटला आणि आर्म धाडकन खाली आला. सुरगोंडाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

"उचलल्या बकेटखाली जायचं नसतंय. माझीच चूक," सुरगोंडा सगळ्यांना सांगायचा. लोकांनाही ते पटलं. पटलं नाही ते एकट्या भूपालला. माझ्या पाव आट्यानं याचा पाय गेला का? एवढा एक प्रश्न अकरा वर्षं त्याच्या उरात रुतून बसला होता. तो ट्रॅक्टर झडपेसकट कधीच भंगारात गेला होता, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला? भूपाल रोज दुपारी साडेचारला शेड उघडी टाकून सुरगोंडाकडं चहाला जायचा. एक दिवस चुकवला नाही. आणि गंमत बघा, पाव आटा मारणंही त्यानं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का रे बाबा? मग काय सांगायचं होतं?

द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर न्यायचे दिवस सुरू झाले आणि सुरगोंडाची सून अश्विनी नवा बॅटरीवरचा ट्रॅक्टर घेऊन फाट्यावर आली. ट्रॅक्टर नवा, पण आर्म त्या जुन्या, अपघातातल्या लोडरचेच. पत्र्याखाली अकरा वर्षं पडलेले. "लोखंड हाय, टाकून कसं द्यायचं?" असं म्हणून सुरगोंडानंच ते जोडायला लावले होते, आणि महिन्यापूर्वी ब्रॅकेट करून भूपालनंच ते बसवले होते.

"मिस्त्रीकाका, ह्याला काहीतरी करा," अश्विनी खाली उतरत म्हणाली. "सोमवारी वीस क्रेट उचलत होता. मंगळवारी एकोणीस. आज अठराला नाही म्हणतोय. तिकडं शेडवर माणसं खोळंबल्यात."

भूपालनं सवयीनं कान टवकारला. पण बॅटरीच्या ट्रॅक्टरला इंजिन कुठलं आणि घुसमट कुठली! नुसता शिट्टीसारखा बारीक आवाज. त्याला काहीच कळलं नाही, आणि त्याचा त्याला मनातून रागच आला.

झडपही नव्या पद्धतीची होती. दोन वर्षांपासून नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची झाली होती. हिला स्क्रूच नव्हता! वर छोटी काच, काचेत आकडा. आर्मवर दोन बिल्ल्याएवढ्या चकत्या चिकटवलेल्या, त्यांच्या वायरी झडपेकडं गेलेल्या. गावानं तिचं नाव ठेवलं होतं कानवाली. लोखंडाचं ऐकते आणि दाब आपला आपण ठरवते, म्हणे.

काचेत आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस.

"सोमवारी किती होता?"

"एकशे पासष्ट. मग एकसष्ट, मग चौपन्न. रोज उतरतोय. तुम्ही तिच्या कानात बोळा घाला की. सावर्ड्याच्या बापूंनी घातलाय, बेस चाललाय त्यांचा."

बोळा म्हणजे चकतीखाली सरकवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. कान बंद, तक्रार बंद. भूपालनं आजवर तीन जणांना घालून दिला होता. त्यानं ट्यूब घेतली, कात्रीनं चौकोन कापला, चकती उचकटायला पाना लावला. आणि तिथंच त्याचा हात थांबला.

"पोरी, ही ऐकतीय तरी काय?"

"मला काय माहीत!"

"एवढं रोज पाच-सात किलोनं उतरायचं म्हणजे कायतरी ऐकतच असणार न्हवं? मला ऐकू येत नाही आणि हिला येतंय?"

आता हा खरा मत्सर होता, पण उपयोगी पडला. भूपालनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आर्मला टेकवलं, मूठ कानाला लावली, अश्विनीला बकेट उचलायला सांगितलं. काही नाही. मग त्यानं जुन्या मिस्त्र्यांची युक्ती काढली. आर्म रॉकेलनं चोपडला, फडक्यानं कोरडा पुसला, वर खडूची पूड फासली आणि अश्विनीला म्हणाला, "आता सतरा क्रेट उचल. आणि खाली उतरू नकोस. खाली कुणी यायचं नाही."

बकेट वर गेली. उजव्या आर्मच्या वेल्डिंगजवळ पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटली. केसासारखी बारीक, दोन बोटं लांब. चिरेत शिरलेलं रॉकेल भार पडल्यावर बाहेर आलं होतं.

"अगं बया!" अश्विनी सीटवरूनच म्हणाली. "हे तुटलं असतं तर?"

भूपालनं हातातला ट्यूबचा तुकडा खिशात कोंबला आणि बकेट हळूहळू खाली घ्यायला लावली. बोळा घातला असता तर उद्या याच आर्मखाली शेडवरची कोण बाई उभी असती कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आर्म टेम्पोत घालून तो तालुक्याच्या तंत्रनिकेतनात गेला. कानवाली झडप बसवायचं प्रशिक्षण तिथल्या केंगार मॅडम देत. तिशीतली बाई, बोलायला मोकळी. तिनं चीर पाहिली आणि शीळच घातली.

"मॅडम, तिला हे ऐकू कसं आलं? माझा कान साधा नाही बरं का."

"तुमचा कान कितीही तिखट असला मिस्त्री, तरी वीस हजार कंपनांच्या वरचं माणसाला ऐकूच येत नाही. लोखंडात चीर केसभर जरी पुढं सरकली, तरी एक टिचकी उठते. सेकंदाला दीड-दोन लाख कंपनांची. ती या चकत्या टिपतात. टिचक्या वाढल्या की झडप दाब उतरवते, त्या थांबेपर्यंत."

"म्हणजे लोखंड कण्हतंय आणि ही ऐकतीय."

"तसंच म्हणा. पण त्याहून मजेची गोष्ट पुढंच आहे." मॅडम टेबलावर टेकल्या. "धडधाकट लोखंडावर भार टाकला की तेही थोडं बोलतं. भार काढून तोच पुन्हा टाकला तर मात्र गप्प राहतं. आधी सोसलंय तेवढं पुन्हा सोसताना अवाक्षर काढत नाही. त्याच्या पलीकडं नेलंत की पुन्हा बोलायला लागतं. हे एका जर्मन संशोधकाला एकोणीसशे पन्नासच्या सुमारास सापडलं. तेव्हा लोखंड गप्प कुठवर राहतं ते बघितलं, की त्याच्यावर आजवर जास्तीत जास्त किती भार पडला ते कळतं."

भूपाल आर्मजवळ सरकला.

"कितीही जुना असला तरी?"

"हे पोलाद आहे, सहसा विसरत नाही. उजवा आर्म चिरलेला आहे, तो आता काहीही बडबडेल. डावा चांगला दिसतोय. प्रेसवर घालून बघायचंय? तसंही हे दोन्ही भंगारातच द्यायचे ना?"

भूपालला वाटलं, नको म्हणावं. टेम्पो फिरवावा, फाट्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही आर्म टाकावेत, की मग साक्ष द्यायला जगात कुणी उरलं नाही. त्यानं खिशात हात घातला. ट्यूबचा तुकडा अजून तिथंच होता. अकरा वर्षं आपण स्वतःच्याच कानात बोळा घालून हिंडतोय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"घाला," तो म्हणाला. "एकदाचं कळू दे."

डावा आर्म प्रेसमध्ये आवळला. चकत्या चिकटवल्या. टिचक्या माणसाला ऐकू याव्यात म्हणून मॅडमनी स्पीकर जोडला. पडद्यावरचा आकडा तेलाच्या दाबाच्या हिशेबात होता. तो शंभरावरून चढू लागला.

एकशे पासष्ट. स्पीकर गप्प. हा कंपनीचा आकडा, इथवर गप्प राहणारच.

एकशे त्र्याऐंशी. गप्प. भूपालनं डोळे मिटले. हा माझा पाव आटा. आता बोलेल, आता बोलायलाच पाहिजे.

एकशे नव्वद. गप्प.

त्यानं डोळे उघडले. दोनशे. दोनशे एक. गप्प! दोनशे एकोणीस, तरी गप्प. मॅडमनीसुद्धा भुवया उंचावल्या. काच लावलेल्या त्या खोलीत प्रेसच्या मोटारीशिवाय कसलाही आवाज नव्हता. आणि दोनशे सदतीसच्या आसपास स्पीकरमधून तडतड सुरू झाली, कढईत लाह्या फुटाव्यात तशी.

"दोनशे सदतीस," मॅडम म्हणाल्या. "पाच इकडं, पाच तिकडं. कुणी चालवलं हे? वाळलेला जुना होज या दाबाला फुटलाच असता."

"आणि एक पाव आटा कमी असता तर? दोनशे एकोणीसला?"

"दोनशे एकोणीसला... सांगता येत नाही. कदाचित फुटला असता, कदाचित नाही."

परतीच्या वाटेवर भूपाल हिशेब करत होता. एकशे पासष्टाचे दोनशे सदतीस. बहात्तर किलो. अठरा चोक बहात्तर. चार पाव आटे! त्यातला आपला एक. आधी त्याला एकदम हलकं वाटलं. बाकीचे तीन दुसऱ्याचे, मग दोष आपला कसा? पण टेम्पो फाट्यावर पोचेपर्यंत तो हलकेपणा पार निघून गेला. आपण पाव आटा मारला तो एकशे पासष्ट समजून. ड्रॉवरमधलं गेज त्या दिवशी लावलं असतं, तर आकडा दिसला असता आणि आपण आवळायच्या जागी स्क्रू सैल केला असता. दोन मिनिटांचं काम होतं.

आणि कुतूहल मात्र गप्प बसू देईना. त्यानं जतच्या हणमंत मिस्त्रीला फोन लावला. सुरगोंडानं लोडर जतहूनच आणला होता.

"व्हय, मारला असंल की पाव आटा," हणमंत हसून म्हणाला. "तू मारत नाहीस व्हय? त्याच्या आधीच्या मालकानंबी मारला असणार. मला सांगितलं होतं त्यानं, नवा आला तसाच मिस्त्रीकडं नेला म्हणून."

"आणि तू गेज लावलं होतंस?"

"गेज? तू लावतोस?"

भूपालनं फोन ठेवला. ज्यानं त्यानं आपलाच आटा पहिला मानला होता. लोडर एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि प्रत्येक नव्या मालकानं रीत पाळली. पहिल्याचा एक, हणमंतचा एक, आपला एक. तीन झाले. दोनशे एकोणीस. मग चौथा कुणाचा?

साडेचार वाजले होते. तो सुरगोंडाकडं गेला.

सुरगोंडा ओट्यावर कृत्रिम पाय काढून बसला होता. अश्विनीनं चीर सापडल्याचं सांगितलेलं होतं. "वाचलो रं भुपा," तो म्हणाला. "त्या कानवालीच्या अंगावर साडी घातली पाहिजे."

भूपाल बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगून टाकलं. प्रेस, स्पीकर, दोनशे सदतीस, हणमंत. आणि मग जे अकरा वर्षं ओठांवर आलं नव्हतं तेही. "सुरगोंड्या, मी गेज लावलं नव्हतं. लावलं असतं तर तुझा पाय राहिला असता. माझी चूक हाय. तुझी नाही."

सुरगोंडानं नजर अंगणातल्या शेवग्याकडं वळवली.

"किती म्हणालास? चार?"

"चार. तिघांचा पत्ता लागला. चौथा..."

"चौथा माझा."

भूपालला कळेना आपण काय ऐकलं.

"तू मारून गेलास, दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासारखाच कान लावून ऐकलं. म्हटलं, अजून घेतोय की. पाना होताच घरात. दिला पाव आटा." सुरगोंडानं हातानंच पिळल्याची खूण केली. "दोन दिवस झकास चालला."

"अकरा वर्षं!" भूपालचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी झुरतोय, आणि तू... एका शब्दानं सांगता आलं नाही व्हय रे तुला?"

"तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं तू झुरतोयस?" सुरगोंडानं पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं. "पाय गेला त्या महिन्यात सगळं गाव आलं. पुढच्या महिन्यात निम्मं. सहा महिन्यांनी एकटा तू. रोज साडेचारला, घड्याळ लावावं असा. तू का येतोस ते मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तू मोकळा झाला असतास. आणि मोकळा झालेला माणूस कशाला येतोय रोज?"

भूपाल वळला आणि चालता झाला. मागून अश्विनीनं "काका, चहा," म्हणून हाक मारली. त्यानं मागं बघितलं नाही. संतापानं त्याला दरदरून घाम आला होता. घरी जाऊन तो जेवला नाही.

सकाळी मात्र त्यानं ड्रॉवर उघडून गेज बाहेर काढलं आणि शेडच्या दारावर खडूनं लिहिलं, 'पाव आटा मारणे बंद. मारलेला काढून मिळेल. गेज लावून.' मग जुन्या डायऱ्या काढून पाव आटा मारलेल्यांची नावं उतरवायला बसला. एकसष्ट निघाली. आधी बोळा घातलेल्या तिघांना बोलावून बोळे काढले. सावर्ड्याचे बापू तणतणले, "आता काय म्हातारपणी भित्रा झालास?"

"व्हय, झालो," भूपाल म्हणाला आणि गेज लावलं. बापूंच्या लोडरचा आकडा कानवालीनं पाच मिनिटांत एकशे चाळीसवर आणला. तेव्हा बापूच वाकून आर्म बघायला लागले.

चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचारला भूपालच्या हातातला पाना आपोआप खाली ठेवला गेला. तो खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. आता जायचं कारणच काय? जीव टांगणीला लावणारा प्रश्न सुटला होता. दोष वाटून झाला होता, चार जणांत, सारखा. खरोखर मोकळा झाला होता तो. मोकळेपणानं पाच-सात मिनिटं त्यानं शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या. मग स्वतःलाच एक शिवी हासडली, यादी खिशात घातली आणि रस्त्याला लागला.

सुरगोंडा ओट्यावर एकटाच होता. शेगडी विझलेली. भूपालला येताना बघून तो गडबडला, कुबडीसाठी चाचपडू लागला.

"दूध नाही घेतलं आज," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय नाही."

"मग कोरा टाक," भूपाल म्हणाला आणि नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसला. "आणि तुझा फोन आण. एकसष्ट लोडर परत बोलवायचेत. तीस तू लाव, एकतीस मी लावतो. तुझ्याशी लोक जरा नीट बोलतात."

सुरगोंडा उभा राहिला. एका हातानं खांब धरून त्यानं शेगडी पेटवली, पातेल्यात दोन कप पाणी मोजून ओतलं, आणि साखरेचा डबा शोधता शोधता म्हणाला, "उद्या दूध घेऊन ठेवतो."